डॉलरच्या खोक्यातील कंट्री

अमेरिकेतील जुन्या वस्तूंच्या दुकानात कपडे आणि कपबश्या ओलांडून मागच्या भिंतीशी गेले की जमिनीलगत तबकड्यांची खोकी ठेवलेली असतात, आणि दुकान टेनेसी किंवा केंटकीतले असेल तर त्यांत चर्चमधली भजने आणि नाताळची गाणी यांच्या जोडीने मोठा भरणा असतो तो कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागातून आलेल्या संगीताचा. रॉक आणि जॅझच्या चांगल्या एलपी (मोठ्या, अनेक गाण्यांच्या तबकड्या) जाणकारांनी आधीच उचललेल्या असतात. पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन या कंट्री गायकांच्या तबकड्या मात्र एक-दोन डॉलरांत निवांत पडून राहतात. माझा छंद सुरू झाला तो या स्वस्ताईमुळे. तो टिकला, कारण ऐकून ऐकून झिजलेल्या या तबकड्यांवरची झीज वाचता येते.

तबकडी घेण्यापूर्वी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरावी. चरे दिसतातच, पण माझी नजर आधी जाते ती मधल्या कागदी लेबलाकडे. तबकडी लावताना भोक दांडीवर अचूक बसले नाही की लेबलावर बारीक चकचकीत रेघ उमटते, आणि अशा रेघांचे जाळे झालेले असेल तर त्या घरात ती वरचेवर वाजत होती असे खुशाल समजावे. कित्येक लेबलांवर मालकाचे नाव पेनाने लिहिलेले असते. आपल्याकडे लग्नकार्याला दिलेली पातेली परत यावीत म्हणून त्यांवर नाव घालतात, तशातलाच हा प्रकार. कंट्री गायिका लोरेटा लिनच्या ‘कोल मायनर्स डॉटर’ या एलपीची माझ्याकडची प्रत अशी आहे की शीर्षकगीताच्या, म्हणजे पहिल्याच गाण्याच्या, खाचा करड्या पडल्या आहेत आणि उरलेली बाजू काळीभोर आहे. ते गाणे संपले की कोणीतरी उठून सुई पुन्हा कडेला नेऊन ठेवत असणार.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी १९४८ मध्ये बाजारात आली, तरी कंट्रीचा धंदा पुढे बराच काळ ज्यूकबॉक्स (नाणे टाकले की गाणे वाजवणारे यंत्र) आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांवर चालत राहिला. त्यामुळे एलपी म्हणजे एखादे गाजलेले गाणे आणि त्याभोवती भर, अशी रीत पडली, आणि त्या भरीत इतरांची लोकप्रिय गाणी सर्रास असत. लोरेटाच्या याच एलपीत कॉनवे ट्विटीचे ‘हॅलो डार्लिन’ आहे आणि रे प्राइसने गाजवलेले ‘फॉर द गुड टाइम्स’ही आहे. पुष्कळांना हे भरताड वाटते. मला मात्र एकच गाणे चार गळ्यांतून ऐकण्यात, कोण कुठे थांबतो आणि कोण कुठला शब्द ओढतो हे पडताळण्यात, सगळ्यांत जास्त गंमत वाटते. विली नेल्सनच्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’सारखी (१९७५) सलग कथा सांगणारी एलपी थोर आहेच, पण ती ऐकताना माझे लक्ष असते ते कथेकडे, या खेळाकडे नाही.

मराठी कानाला या संगीतात पटकन ओळखीची वाटते ती तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची स्टील गिटार. ती मूळची हवाई बेटांवरची. कंट्रीचा आद्य गायक जिमी रॉजर्स याने विसाच्या दशकातच हवाईयन वादकांना साथीला घेतले होते. सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली हिंदी चित्रपटगीते ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना कंट्रीचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या पेडल स्टीलची (पायाच्या पट्ट्यांनी सूर बदलणाऱ्या स्टील गिटारची) मींड परकी वाटणार नाही.

टाळाव्यात अशा एलपीही आहेतच. कंट्री गायक हँक विल्यम्स वयाच्या २९व्या वर्षी, १ जानेवारी १९५३ रोजी गेला, आणि स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ मध्ये. तेव्हा त्याच्या जुन्या एलपीवर ‘स्टिरिओ’ असे छापलेले दिसले, तर तो मूळच्या मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, ध्वनिमुद्रणावर नंतर केलेला कृत्रिम संस्कार असतो आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. ती मी जागच्या जागी ठेवतो. आरसीए कंपनीच्या सत्तरच्या दशकातील ‘डायनाफ्लेक्स’ तबकड्यांची मात्र संग्राहक उगाच टिंगल करतात. त्या पातळ असतात, हातात धरल्या की लवतात, हे खरे. पण माझ्याकडच्या बहुतेक मुळीच खरखरत नाहीत, आणि त्या नको म्हटले तर वॅगनर-पार्टन जोडीची त्या काळातील कितीतरी गाणी हातची जातील.