तुम्ही विचारलंत म्हणून : गाजलेल्या खटल्यात कॅमेरा आत घ्यावा का?

एखादा खटला गाजायला लागला की हा प्रश्न ठरलेला. सुनावणी सार्वजनिक आहे, कोर्टाचं दार उघडं आहे, मग आत कॅमेरा का नको? साठ-सत्तर माणसं बाकांवर बसून बघू शकतात, तर लाखो लोकांनी घरून बघितल्याने काय बिघडतं?

माझं उत्तर असं आहे. युक्तिवाद दाखवा, निकाल दाखवा, शिक्षा सुनावताना न्यायाधीश काय म्हणतात ते तर दाखवाच. साक्षीपुरावा चालू असताना मात्र मुद्रण (म्हणजे चित्र-आवाजाचं रेकॉर्डिंग) करा, प्रक्षेपण करू नका. निदान शेवटचा साक्षीदार पिंजऱ्यातून उतरेपर्यंत ते मुद्रण कुलपात राहू द्या.

कॅमेऱ्यासमोर वकील नाटकी होतात आणि न्यायाधीश बिचकतात, हे नेहमीचं कारण मला फारसं पटत नाही. नाटकी वकील रिकाम्या कोर्टातही नाटकीच असतो. अमेरिकेत १९९१ ते १९९४ या काळात सहा फेडरल (केंद्रीय) जिल्हा न्यायालयांत आणि दोन अपील न्यायालयांत प्रयोग म्हणून कॅमेरे लावले, तेव्हा सहभागी न्यायाधीशांना लोकांच्या वागण्यात फारसा फरक दिसला नव्हता. अर्थात तो प्रयोग फक्त दिवाणी दाव्यांपुरता होता. कॅमेऱ्याचे पुरस्कर्ते हे सांगायचं नेमकं विसरतात.

खरी अडचण कोर्टाच्या दालनाबाहेर, साक्षीदारांच्या बाकावर आहे. ज्याची साक्ष अजून व्हायची आहे त्याला आत बसू देत नाहीत. एकाने गाडी पांढरी सांगितली आणि दुसऱ्याने करडी, तर त्या विसंगतीला किंमत असते, कारण दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं नसतं. बचावाचा वकील एकाच प्रसंगाबद्दल पाच साक्षीदारांना तेच ते विचारतो ते वेळ काढायला नव्हे, निदान दर वेळी नव्हे. अंतर किती होतं, उजेड कुठून येत होता, आधी आवाज आला की आधी माणूस पडला, ही उत्तरं तो एकमेकांशेजारी ठेवून बघत असतो. थेट प्रक्षेपणात चौथ्या साक्षीदाराला आधीच्या तिघांचे प्रश्न आणि उत्तरं दोन्ही मिळतात. वकिलाचा रोख कुठे आहे हेही कळतं.

आणि यात खोटारडा साक्षीदार हा मोठा धोका नाही. त्याला पकडायला उलटतपासणी आहे. धोका प्रामाणिक माणसाचा आहे. आठवणीतली फट तो ऐकलेल्या तपशिलाने नकळत भरून काढतो आणि तो तपशील आपण पाहिलेलाच आहे असं त्याला मनापासून वाटू लागतं. असा माणूस उलटतपासणीत डगमगत नाही, कारण त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतंच.

याचं गांभीर्य कोर्टं किती मानतात ते बघा. २००६ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या कटात दोषी ठरलेल्या झकारियास मुसावीच्या शिक्षेची सुनावणी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात चालू होती. वाहतूक सुरक्षा खात्याच्या एका सरकारी वकिलाने झालेल्या कामकाजाचे उतारे पुढच्या साक्षीदारांना ईमेलने पाठवले. न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी आधी हवाई सुरक्षेबद्दलचा सगळा पुरावाच बाद केला आणि नंतर, या प्रकाराची झळ न लागलेल्या साक्षीदारांपुरती सूट दिली. त्या दालनात कॅमेरा नव्हता. हे सगळं नुसत्या टंकलिखित पानांवरून झालं. १ डिसेंबर २०२३ पासून तर अमेरिकेच्या फेडरल पुरावा नियमांत, नियम ६१५ मध्ये, स्पष्ट तरतूद आहे की बाहेर बसवलेल्या साक्षीदारापर्यंत आतली साक्ष पोहोचवायला आणि त्याने ती मिळवायला न्यायाधीश मनाई करू शकतात. ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्यावर ही मनाई कशी राबवायची, हा पुढचा प्रश्न. पण प्रक्षेपण कोर्टाच्याच परवानगीने चालू असेल तर त्याला कुठल्या तोंडाने अडवणार?

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २०२१ मध्ये थेट प्रक्षेपणाचे जे नमुना नियम काढले, त्यात हा भेद नीट ओळखलेला आहे. साक्षीपुरावा नोंदवणं आणि उलटतपासणी प्रक्षेपणातून वगळली आहे. तरीही त्याच नियमांत किमान पाच कोनांतून चित्रण सांगितलंय : एक न्यायासनाकडे, दोन वकिलांकडे, एक आरोपीकडे आणि पाचवा साक्षीदाराकडे. म्हणजे मुद्रण होतं, बाहेर जात नाही. साक्षीपुरावा पूर्ण नोंदवून होईपर्यंत साक्षीच्या मुद्रणाला कुणाला हात लावता येत नाही. अपिलाच्या न्यायालयाला मात्र ते फार उपयोगी पडतं. लेखी जबाबात ‘साक्षीदार गप्प राहिला’ एवढंच येतं. तो तीन सेकंद गप्प होता की तीस, हे मुद्रणात दिसतं.

पूर्वी हा वाद यंत्रसामग्रीपाशी अडकला होता. अमेरिकेत वैमानिक लिंडबर्गच्या बाळाचं अपहरण आणि खून केल्याबद्दलच्या १९३५ च्या हॉप्टमन खटल्यात छायाचित्रकारांनी आणि चलत्चित्रवाल्यांनी एवढा गोंधळ घातला की दोन वर्षांत अमेरिकेच्या वकील संघटनेने कॅमेऱ्याविरुद्ध आचारनियमच केला. १९६५ मध्ये टेक्ससमधल्या एस्टेस या फसवणुकीच्या खटल्यातली शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणामुळे रद्द केली, तेव्हाही दालनभर पसरलेल्या तारा आणि दिवे निकालपत्रात आले. १९८१ मध्ये चँडलर खटल्यात तेच न्यायालय म्हणालं की कॅमेरा असणं हाच दोष नाही, राज्यांनी ठरवावं. आता तारा गेल्या, दिवे गेले, कॅमेरा मुठीएवढा झाला. अडथळा दिसत नाही म्हणून तो उरलाच नाही असं लोकांना वाटतं.

मग कुठला टप्पा दाखवायचा? निकाल आणि शिक्षा यांत अडचण सर्वांत कमी, कारण पुरावा संपलेला असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जुलै २०२२ पासून क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या न्यायालयात, शिक्षा सुनावतानाचं चित्रण होतं आणि चौकटीत फक्त न्यायाधीश असतात. आरोपी, पीडित, साक्षीदार, ज्यूरी (दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक) कुणी नाही. मला हा नमुना आवडतो. शिक्षा एवढीच का, हे माणसाने न्यायाधीशाच्या तोंडून ऐकलं की बातमीतल्या दोन ओळींवरून होणारा बराच संताप टळतो. अंतिम युक्तिवादही दाखवावेत. ज्यूरीची पद्धत आहे तिथे मात्र, कुठला पुरावा ग्राह्य धरायचा यावरची आधीची सुनावणी कधीच दाखवू नये. न्यायाधीशांनी कबुलीजबाब बाद केला, पण तो आदल्या रात्री घराघरांत ऐकला गेला असेल, तर बाद करण्याला अर्थ काय राहिला? न्यायाधीश एकटे निकाल देतात तिथे ही भीती कमी असते, पण साक्षीदारांची अडचण तिथेही तशीच.

आता दालनाची व्यवस्था. वाहिन्यांना आपापले कॅमेरे आणू देऊ नयेत. चित्रण एकाच यंत्रणेने करावं, ती कोर्टाच्या ताब्यात असावी आणि सगळ्यांना एकच प्रवाह मिळावा. कॅमेरे स्थिर, खोलीच्या नेहमीच्या उजेडात चालणारे. जवळचं दृश्य घेण्याची सोय वकिलांच्या टेबलाकडे बंदच ठेवावी, नाहीतर वहीतला मजकूर वाचता येतो. ज्यूरीच्या बाजूला भिंगाचं तोंड वळूच नये, असा अडसर बसवावा; चालवणाऱ्याच्या सावधगिरीवर विसंबू नये. अमेरिकेत माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनवरच्या खुनाच्या खटल्यात जानेवारी १९९५ मध्ये एका राखीव ज्युररचा चेहरा क्षणभर पडद्यावर आला आणि न्यायाधीश लान्स इटो प्रक्षेपण बंद करण्यापर्यंत आले होते. काचेची कपाटं आणि बंद असलेले टीव्ही-संगणकाचे पडदेही तपासावेत, कारण प्रतिबिंबात माणूस ओळखू येतो.

चित्रापेक्षा आवाज जास्त दगा देतो. वकील आणि अशील यांची कुजबुज गोपनीय असते आणि टेबलावरचा मायक्रोफोन ती बिनबोभाट उचलतो. त्यामुळे मायक्रोफोन एरवी बंद आणि बटण दाबल्यावरच चालू, असा हवा. न्यायासनाजवळ जाऊन वकील हळू आवाजात बोलतात तेव्हा त्या बाजूचा आवाज तोडायचा. पुढचा धोका नावांचा. साक्षीदाराची ओळख लपवायची ठरलेली असते आणि अर्ध्या तासाने कुणीतरी सवयीने त्याचं नाव घेऊन जातं. यासाठी प्रक्षेपण उशिराने सोडतात. भारतीय नमुना नियमांत हा अवधी साधारण दहा मिनिटांचा आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात तीस मिनिटांचा. दहा मिनिटं मला अपुरी वाटतात. नाव उच्चारलं गेल्याचं कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, वकिलाने उठून सांगावं लागतं, समोरच्याने हरकत घेतली तर ऐकावी लागते, मग आदेश होतो, मग तो यंत्रापाशी बसलेल्यापर्यंत पोहोचतो. भारतीय नियमांत प्रक्षेपण थांबवायचं रिमोट न्यायाधीशांच्या हाती दिलंय. ते ठेवावंच, पण सुनावणीत गढलेल्या न्यायाधीशांना त्याची आठवण राहील हे गृहीत धरू नये. खटल्याचे कागद वाचलेला एक अधिकारी फक्त त्याच कामाला बसवावा आणि तोडलेल्या प्रत्येक भागाची वेळ त्याने लिहून ठेवावी.

‘चेहरा दाखवू नका, आवाज चालेल’ हा मधला मार्ग दक्षिण आफ्रिकेत २०१४ मध्ये धावपटू ऑस्कर पिस्टोरियसवर प्रेयसीच्या हत्येबद्दल चाललेल्या खटल्यात काढला गेला. ज्या साक्षीदारांना चित्रण नको होतं त्यांचा फक्त आवाज बाहेर गेला. खुद्द पिस्टोरियसच्या साक्षीचंही तेच झालं. पण पहिल्याच साक्षीदार महिलेची साक्ष चालू असताना एका वाहिनीने इंटरनेटवरचं तिचं छायाचित्र त्या आवाजाबरोबर दाखवलं. आदेशाने कोर्टाचा कॅमेरा झाकता येतो, बाहेरचं जग झाकता येत नाही. शिवाय पुढच्या साक्षीदारांना कथा कळायला आवाज पुरेसा असतोच.

प्रक्षेपणातून कापून समाजमाध्यमांवर फिरवल्या जाणाऱ्या तुकड्यांचं म्हणाल तर त्याला खरं औषध नाही. २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या डेप विरुद्ध हर्ड या, दोन सिनेकलाकारांमधल्या बदनामीच्या दाव्याचं संपूर्ण प्रक्षेपण झालं आणि ज्यूरीतली माणसं रोज घरी जात होती. लोकांनी सहा आठवड्यांचं कामकाज पाहिलं नाही, पंधरा सेकंदांचे तुकडे पाहिले. नियमांत परवानगीशिवाय तुकडे काढून पसरवायला बंदी घालता येते, भारतात ती आहेही. ती मोडली जाते. निदान पूर्ण मुद्रण अधिकृत ठिकाणी, वेळेच्या खुणांसह असावं, म्हणजे तुकड्याच्या आधी आणि नंतर काय होतं ते दाखवता येतं. ते ठिकाणही सांभाळावं लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीत घुसखोरी होऊन तिथे क्रिप्टोचलनाची जाहिरात दिसू लागली होती.

माझ्या मताविरुद्ध जाणारं सगळ्यात भक्कम उदाहरण जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येचा खटला चाललेल्या पोलीस अधिकारी डेरेक शॉव्हिनचं. मिनेसोटातला २०२१ चा तो खटला साक्षींसह थेट दाखवला गेला. तिथलं कारण वेगळं होतं : साथीमुळे प्रेक्षकांचे बाक जवळजवळ रिकामे ठेवावे लागले होते आणि सार्वजनिक सुनावणीचा हक्क पाळायला कॅमेऱ्याखेरीज फारसा पर्याय नव्हता. तिथेही अल्पवयीन साक्षीदारांचे चेहरे दाखवले नाहीत. एरवी जागेची अडचण बंदिस्त प्रक्षेपणाने, म्हणजे फक्त ठरावीक ठिकाणी दिसणाऱ्या प्रक्षेपणाने, सुटते. ओक्लाहोमा सिटीच्या बॉम्बस्फोटाचा खटला डेन्व्हरला हलवला तेव्हा पीडितांसाठी ओक्लाहोमा सिटीत सभागृहात पडदा लावला होता. स्कॉटलंडवर विमान बॉम्बने उडवल्याचा लॉकरबी खटला नेदरलँड्समध्ये चालला आणि नातेवाइकांनी तो न्यू यॉर्क, वॉशिंग्टन, लंडन आणि डम्फ्रीजमध्ये बसून पाहिला. दारावर ओळखपत्र बघायचं, फोन जमा करायचे, साक्षीदारांच्या यादीतलं नाव असेल तर आत सोडायचं नाही.

एक प्रश्न हल्ली वारंवार येतो : आरोपीच म्हणाला की मला सगळ्यांसमोर खटला हवाय, कॅमेरा लावा, तर? सार्वजनिक सुनावणी हा त्याचा हक्क आहे आणि उघडं दालन, पत्रकार, बंदिस्त पडदा यांनी तो पुरा होतो. साक्षीदाराचं संरक्षण त्याच्या मालकीचं नाही, त्यामुळे त्याला ते सोडून देता येत नाही. साक्षी संपल्यावर त्याने मुद्रण खुलं करायचा अर्ज जरूर करावा. त्यावरही कोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबावं, कारण फेरसुनावणीचा आदेश झाला तर तेच साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहणार असतात.