स्टेंटनंतरची सायकल: दिवाळीपर्यंतची प्रगती

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. वय ५४, गाव सेलू तालुक्यात, जिल्हा वर्धा. फेब्रुवारीत छातीत दुखलं, स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी) पडला, त्याच धामधुमीत शुगरही निघाली. आधी नुसतं चालणं, मग टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी), आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सायकल. सायकल म्हणजे वडिलांची काळी, २८ इंची, बिनगेअरची. आताचे आकडे: वजन ८४ वरून ७८, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.९ वरून ६.७. गोळ्या सुरू आहेत, रात्रीचा भातही बंद आहे, त्यामुळे सगळं श्रेय सायकलला देत नाही.

हार्ट रेट किती ठेवता, हे बरेच जण विचारतात. मनगटावर घड्याळ आहे, पण मला बीटा ब्लॉकर सुरू आहे. ती गोळी ठोके फार चढू देत नाही, म्हणून कमाल ठोके काढायला २२० मधून वय वजा करायचं गणित आमच्या कामाचं नाही. टीएमटी पाहून डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा आणि तोंडानं बोलता येतंय का, एवढंच मी पाहतो. एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणतो. ओळ एका दमात निघाली तर ठीक, मधेच तुटली की पाय सैल. निंदणाऱ्या बाया सुरुवातीला हसायच्या, आता सात-आठवर अडकलो तर पुढचं त्याच सांगतात.

खरी प्रगती झाली ती सेलूच्या पंचरवाल्याकडे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत होतं, चढावर दम लागत होता, म्हणून गेअरवाली घ्यायचा विचार त्याच्यापाशी बोललो. त्यानं मला आधी सायकलवर बसवलं आणि दुरून पाहिलं.

"काका, गेअर कायले पायजे? पह्यले सीट त वर करा. खुडूक कोंबडी बसते तसे बसता तुमी."

गावाकडे सगळ्यांची सीट खालीच असते, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. त्यानं पाना लावून ती चांगली चार बोटं वर घेतली. टाच पायडलवर ठेवली आणि पायडल तळाला नेलं की गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे, हे त्याचं माप. उतरताना एका पायावर यावं लागतं, ते अंगवळणी पडतं. गुडघा महिनाभरात गप्प झाला.

दुसरं काम फ्रीव्हीलचं, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्राचं. पुढं ४४ दाते, मागं १८. म्हणजे एका पायडलला सायकल साधारण साडेपाच मीटर पळते. हृदयवाल्या माणसाला वाऱ्यात हे जड जातं. मागं २० दात्यांचं बसवलं, चेनला तुकडा जोडला, आता तेच पाच मीटरच्या आत आलं. वेग थोडा गेला, पाय हलके झाले. माझ्या मते आपल्या भागात नव्या सायकलीवर हजारो घालण्याआधी हे दोन उपाय करून पाहावेत.

नेहमीचा रस्ता सेलू ते पवनार आणि परत. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. थकलेल्या माणसाला हीच दिशा बरी. धाम नदीच्या पुलाआधी वेग उतरवून काही मिनिटं रिकामे पाय फिरवतो. बीपीची गोळी घेणाऱ्यानं जोरात चालवून एकदम उतरू नये, डोळ्यांपुढं अंधारी येते. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून गेलाय, तसा गुळगुळीत सिमेंट रस्ता कुठं नाही, पण तिथं मोटरसायकललाही बंदी, आपली काय कथा!

पांदण रस्त्याचं मात्र पावसाळ्यात नाव काढू नका. काळ्या मातीचा गारा मडगार्ड आणि टायरच्या मधे असा ठासून बसतो की चाक जाम. तुऱ्हाटीनं खरवडून काढा, दहा पावलांवर पुन्हा तेच. मी मागचं मडगार्डच काढून ठेवलं. पाठीवर नक्षी उठते, उठू द्या. सोयाबीन निघाल्यावर लोक डांबरावर दाणे वाळत घालतात, त्यावरून वळण घेऊ नका, चाक सरकतं. बाभळीच्या काट्यांचं टायरला जितकं भय, तितकंच मला: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू असल्यानं साध्या ओरखड्याचं रक्तही लवकर थांबत नाही. हेल्मेट, हातमोजे आणि पट्टीचं पाकीट सोबत असतंच. सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी) वरच्या खिशात, आणि ते कशासाठी आहे हे जोडीदाराला माहीत.

आता कापूस निघतोय, जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो, म्हणून अंधारात निघणं बंद. उजाडल्यावर निघतो, थंडीत तेच बरं. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी मान हलवली तर हिंगणीवरून बोर धरण. तिथल्या चढासाठी २२ दात्यांचं फ्रीव्हील काळ्या सायकलला कोणी बसवलंय का? चेन किती वाढवावी लागली, तेवढं कळवा.