लांब कानाच्या माणसाची खूण

मनगटापाशी अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीच्या बाजूने हातात उतरणारी नस, तुटली की हाताचं काय होतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. अंगठा हलतो, मूठ अर्धीमुर्धी वळते, पण बोटं फाकवता येत नाहीत आणि फाकलेली जवळ आणता येत नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकून बसतं. दोन बोटांमध्ये साधा कागद धरायला सांगितला तर तो निसटून पडतो. शर्टाचं बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही, एका हाताने भाकरी मोडता येत नाही. ज्याचं पोटच हातावर आहे, त्याच्यासाठी हे सगळं फार मोठं असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राजारामपुरीत माझं क्लिनिक आहे आणि मी मुख्यतः हातांचंच काम करते. कोल्हापुरात या कामाला तोटा नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फौंड्र्या आणि वर्कशॉपमधून माणसं येतात. कुणाचं बोट प्रेसमध्ये सापडलेलं असतं, कुणाच्या हातावरून ग्राइंडर फिरलेला असतो. ज्या काकांबद्दल लिहिते आहे ते उद्यमनगरातले पॅटर्नमेकर. कास्टिंगसाठी आधी लाकडाचा जो हुबेहूब नमुना करावा लागतो, तो करणारे. उजव्या मनगटावर पत्रा लागला आणि नर्व्ह तुटली. सर्जननी ती छान जोडली होती. पण जोडलेली नर्व्ह पुढे वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून तळहातातल्या शेवटच्या बारीक स्नायूपर्यंत पोहोचायला तिला कित्येक महिने लागतात. तोवर पेशंटला काहीच दिसत नाही. व्यायाम करायचा, स्प्लिंट घालायचं आणि वाट बघायची.

काका वेळेवर यायचे. सांगितलं तेवढं करायचे, "व्हय मॅडम" म्हणायचे आणि जायचे. काकू एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरात हात मांडीवर घिऊन बसत्यात नुस्तं. कुणाशी बोलत न्हाईत." करंगळीच्या बाजूचा स्नायू जागा झाला होता, म्हणजे नर्व्ह वाढत होती. पण तळहातातल्या हाडांमधले स्नायू, ज्यांना आम्ही इंटरॉसिआय म्हणतो, ते अजून गप्प होते. आणि काकांनी आशा सोडलेली होती, हे त्यांच्या बसण्यावरून मला कळत होतं.

आता माझ्या वेडाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 'स्टार ट्रेक' ही अंतराळातल्या जहाजाची टीव्ही मालिका मला जिवापाड आवडते. ८ सप्टेंबर १९६६ ला ती अमेरिकेत सुरू झाली, तीन सीझन आणि ७९ भागांनंतर बंद पडली, आणि तरीही संपली नाही. मी ती केबलवर पाहिली, नंतर मिळेल तिथून पाहिली. तेव्हापासून तिच्या खुणा जगात कुठे कुठे उमटल्या आहेत, ते शोधायचा मला नाद आहे. हा नाद गंमत म्हणून लागला, पण त्यातून जे हाती येतं ते गमतीपुरतं नसतं. अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव आधी दुसरंच ठरलं होतं. चाहत्यांनी पत्रांचा असा पाऊस पाडला की १९७६ साली ते 'एंटरप्राइज' झालं, मालिकेतल्या जहाजाच्या नावावरून. ते शटल चाचण्यांपुरतं होतं, अवकाशात कधी गेलं नाही. पण १९९२ मध्ये मे जेमिसन गेल्या, अवकाशात जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन महिला. त्या यानातून आपल्या कामाची पाळी सुरू करताना या मालिकेतल्या लेफ्टनंट उहुराचं वाक्य म्हणायच्या. आणि उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या सीझननंतर मालिका सोडायला निघाल्या होत्या, त्यांना मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबवलं. एका खुणेचा धागा धरून मागे गेलं की अशी माणसं भेटतात. म्हणून मला ते शोधणं महत्त्वाचं वाटतं.

त्यात एक शिस्तही लागते. ट्रान्सपोर्टरने, म्हणजे माणसाला क्षणात इथून तिथे पोचवणाऱ्या यंत्राने, जहाजावर परत घेण्यासाठी स्कॉटी या जहाजाच्या इंजिनिअरला उद्देशून म्हटलेलं 'बीम मी अप, स्कॉटी' हे जे वाक्य जगभर टी-शर्टांवर छापलं जातं, ते मूळ मालिकेत त्या शब्दांत एकदाही येत नाही. तेव्हा दिसलं काही की लगेच उडी मारायची नाही, मूळ जागा सापडली पाहिजे. रंकाळ्यावर एकदा एका मुलाच्या टी-शर्टवर स्टारफ्लीटचं, म्हणजे मालिकेतल्या अंतराळ दलाचं, बाणाच्या टोकाचं चिन्ह दिसलं. विचारलं तर म्हणाला, "डिझाइन आवडलं म्हणून घेतलं, मॅडम." मी त्याला तिथेच उभं करून सगळं सांगितलं. त्याने ऐकलंही मनापासून.

तर त्या दिवशी. श्रावणातली दुपार, बाहेर सर येऊन गेलेली, क्लिनिकमध्ये दोघेच. काका वॅक्स बाथमधून, म्हणजे शेकायच्या गरम मेणातून, हात काढून बसलेले आणि शेजारच्या टेबलावर कॉलेजची एक मुलगी. व्हॉलीबॉल खेळताना तिच्या अनामिकेचं हाड मोडलं होतं, ते जुळलं होतं, बोट मात्र आखडलेलं. तिने मला मोबाइल दाखवला. "मॅडम, माझं बोट असं बाजूला जाईल का परत?" स्क्रीनवर एक इमोजी होता. तळहात समोर, तर्जनी आणि मधलं बोट चिकटलेलं, अनामिका आणि करंगळी चिकटलेली, मध्ये फट. हा इमोजी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे. मैत्रिणींना 'हाय' म्हणायला ती तो पाठवायची, कुठून आलाय ते तिला माहीत नव्हतं.

मी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात काका पुढे वाकले.

"बघू गं पोरी जरा. आरं, ही तर लांब कानाच्या माणसाची खूण!"

माझ्या अंगावर काटा आला. "काका, तुम्ही ती मालिका बघितलीय?"

"नाव कुठलं ध्यानात ऱ्हातंय मॅडम. ऐतवारी सकाळी लागायचं टीव्हीवर. म्होरं गोल ताट आन् मागं दोन नळ्या, असलं जहाज आभाळातनं जायचं. त्यातला तो लांब कानाचा कवा हसायचा न्हाई. आमच्या गल्लीत एकाच घरात टीव्ही हुता. इंग्रजी कुणाच्या बापाला कळतंय! पर सगळी बसायची."

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने ही मालिका दाखवली होती. मंगळवार पेठेतल्या एका माजघरात ती बघत बसलेला एक तरुण पॅटर्नमेकर इतके दिवस माझ्यासमोर गप्प बसत होता आणि मला पत्ता नव्हता. मी भिंतीवरच्या टीव्हीवर फोटो लावला. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पिवळा, निळा, तांबडा... आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. मला वाटायचं, ह्यांची कापडं एकाच रंगाची हायती."

मग ती खूण आली कुठून, हे मी दोघांनाही सांगितलं. त्या लांब कानाच्या माणसाचं, स्पॉकचं, काम करणारे लेनर्ड निमॉय बोस्टनमध्ये एका ज्यू कुटुंबात वाढले. लहानपणी आजोबांबरोबर प्रार्थनास्थळात गेले असताना पुरोहित आशीर्वाद देत होते. त्या वेळी वर बघायचं नाही, असा दंडक. याने हळूच बघितलं. पुरोहितांचे हात या आकारात होते. मोठेपणी, १९६७ मध्ये दाखवलेल्या एका भागात स्पॉकच्या ग्रहावरचे लोक पहिल्यांदा पडद्यावर येणार होते. ते एकमेकांना भेटल्यावर काय करतील, असा प्रश्न निघाला, तेव्हा निमॉयना तो हात आठवला. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा अंतराळ स्थानकावरून टेरी व्हर्ट्स या अंतराळवीराने खिडकीशी हाताची हीच खूण केली आणि फोटो पाठवला. खाली बोस्टनचा भाग होता. कॅनडात तर लोक पाच डॉलरच्या जुन्या नोटेवरच्या पंतप्रधानांच्या चित्राला पेनाने लांब कान आणि तिरप्या भुवया काढून स्पॉक करायचे.

काकांनी डावा हात वर केला. खूण पटकन जमली. मग ते उजव्या हाताकडे बघू लागले.

आता मला जे सुचलं ते आधी का सुचलं नाही, असा प्रश्नच नव्हता, कारण त्याला काकांची ती ओळख लागत होती. ही खूण करायला चार स्नायू लागतात. तर्जनीला मधल्या बोटाकडे ओढणारा एक, मधल्या बोटाला तर्जनीकडे नेणारा दुसरा, अनामिकेला बाहेर नेणारा तिसरा, करंगळीला आत आणणारा चौथा. चारही इंटरॉसिआय, आणि चारही अल्नर नर्व्हवर चालणारे. काकांच्या हातात जे जागं व्हायचं राहिलं होतं, नेमकं ते सगळं या एका खुणेत होतं.

"काका, ही खूण पहिल्यांदा आली त्याच भागात सीलिया लॉव्हस्की नावाच्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांना ही खूण जमत नव्हती. त्या दुसऱ्या हाताने बोटं लावून घ्यायच्या आणि मग हात वर करायच्या. तुम्ही पण तसंच करा. डाव्या हाताने बोटं लावा, सोडा आणि धरून ठेवा."

ही आमची नेहमीची पद्धत आहे, ठेवा आणि धरा. पण 'व्यायाम करा' म्हटल्यावर येणारा काकांचा चेहरा मी ओळखत होते. हा तो नव्हता. त्यांनी ओठ आवळले, एकेक बोट जागेवर ठेवलं आणि डावा हात काढला. करंगळी लगेच घसरली. मधली फट मात्र एक क्षण तशीच राहिली.

इथे फसायला होतं. बोटं ताठ केली की वरच्या लांब स्नायूंच्या ओढीने ती आपोआप थोडी फाकतात, आणि इंटरॉसिआय काम करतायत असं वाटतं. म्हणून मी त्यांचा तळहात टेबलावर सपाट ठेवला. "आता वर उचलायचं नाही. फक्त अनामिका करंगळीकडे सरकवा." हाताच्या मागच्या बाजूला, अनामिका आणि करंगळी यांच्या हाडांमधल्या खोबणीत माझं बोट दाबून ठेवलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. मग माझ्या बोटाखाली अगदी बारीक काहीतरी उडालं. स्नायू आवळला होता.

"परत करा." परत उडालं. आणि अनामिका, नखाच्या जाडीइतकी का होईना, टेबलावर सरकली. मी काकांचं डावं बोट धरून त्या खोबणीवर ठेवलं, म्हणजे त्यांना स्वतःला कळावं. ते म्हणाले, "हाय की! हाय मॅडम!" कॉलेजची मुलगी टाळ्या वाजवायला लागली आणि तिचं आखडलेलं बोट दुखून "आई गं" म्हणून थांबली.

मी काकूंना फोन लावून दिला. काका बोलत होते ते इतक्या मोठ्याने, की बाहेर रिक्षावाला थांबून आत बघायला लागला.

फोन झाल्यावर त्यांनी पुन्हा टीव्हीकडे मोर्चा वळवला. आता त्यांना जहाज बघायचं होतं. "ह्याचा पॅटर्न कुणी केला?" पॅटर्नमेकरच विचारेल असा प्रश्न, आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. चित्रीकरणासाठी केलेलं मोठं मॉडेल सुमारे ११ फूट लांब आहे आणि त्यातलं बरंचसं काम लाकडात आहे, पॉप्लरच्या. प्लास्टिक आणि पत्र्याच्या नळ्याही आहेत. १९७४ पासून ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

"लाकडाचं?" काका उठून पडद्याजवळ गेले. ताट कुठे जोडलंय, नळ्यांचे खांब किती तिरके आहेत, ते बोटाने मापत होते. उजव्या हाताच्या बोटाने. "खांब बारीक हायती. वजन पेलायचं न्हाई. आत लोखंड घातलं असणार. आमी तर सागवानात केलं असतं."

त्यानंतर त्यांच्या हाताने गती घेतली, असं मी म्हणणार नाही. नर्व्ह तिच्याच चालीने वाढते, तिला कुणी घाई करू शकत नाही. पण आलेला स्नायू वापरला नाही तर तो कमजोर राहतो, आणि काका तो वापरायला लागले. दिवसभर येता-जाता, गल्लीत कुणी भेटला की खूण. काकू सांगत होत्या, नातू शाळेत जाताना आजोबांना तीच खूण करतो. कागद आता बोटांत धरला जातो, ओढला तर थोडा विरोध होतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला स्नायू सगळ्यात शेवटी येतो, त्याला अजून वेळ आहे. वर्कशॉपमध्ये ते रोज थोडा वेळ जाऊन बसतात. सागवानाच्या एका तुकड्यातून जहाजाचं ताट काढायला घेतलंय, पटाशी डाव्या हातात आणि लाकूड धरायला उजवा.

आणि आता खुणा शोधायचा नाद त्यांनाही लागलाय. मालिका ते नातवाकडून एकेक भाग लावून घेऊन बघतात, या वेळी रंगीत, आणि नातू मध्ये मध्ये अर्थ सांगतो. परवा आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली.

"मॅडम, त्यो खान नूनियन सिंग. आपल्याकडचा म्हणत्यात. कुठल्या गावचा?"

"गाव सांगितलेलं नाही काका. उत्तर भारतातला, बहुतेक शीख, एवढंच म्हणतात त्या भागात. आणि ते काम करणारे रिकार्डो मोंटलबान मेक्सिकोचे."

"छाती बघितलासा का त्याची? तालमीतला गडी वाटतोय," काका म्हणाले, आणि कागद धरायच्या व्यायामासाठी हात पुढे केला.