सहा फुटांची टेबलं

गोल टेबल कुणी उचलून आणत नाही. पाय दुमडायचे, फळी उभी करायची आणि चाकासारखी गडगडत न्यायची. त्या सकाळी एका लग्नाच्या मांडणीसाठी मी हॉलच्या दारात यादी घेऊन उभी होते आणि पहिली फळी आत येत होती. एरवी ती आणणाऱ्या मुलाच्या हनुवटीपर्यंत येते. आज मुलगाच दिसेना. नुसती फळी चालत येत होती, तिच्याखाली दोन चपला.

मी पर्समधली टेप काढली. ७२ इंच.

आराखडा काढला होता तो ६० इंचांच्या टेबलांवर. टेबलवाल्याला फोन लावला, आवाज जरा चढवूनच. त्याने शांतपणे माझाच मेसेज मला वाचून दाखवला : ‘मागच्या वेळी याच हॉलला दिली तशीच गोल टेबलं, २०.’ माझ्या डोक्यातली मागची वेळ म्हणजे एक लग्न. त्याच्या वहीतली मागची वेळ म्हणजे त्यानंतर मीच केलेला एका कंपनीचा समारंभ, त्याला सहा फुटी टेबलं लागली होती. अकरा वर्षं समारंभ आखण्याच्या या धंद्यात काढून मी मापाशिवाय ऑर्डर दिली होती. पाच फुटी टेबलं सगळी बाहेर गेली होती. आणखी दोघांना विचारलं. ऐन मोसमातल्या शनिवारी सकाळी ९ वाजता २० टेबलं कुणाकडे पडून असतात?

एक फुटाने काय एवढं बिघडतं, असं माझ्या नवऱ्यानेही फोनवर विचारलं. सांगते. दोन टेबलांच्या मध्यबिंदूंमध्ये १० फूट अंतर ठेवलं होतं. टेबल पाच फुटी असेल तर मध्ये ५ फुटांची वाट राहते. माणूस बसला की खुर्ची टेबलापासून साधारण दीड फूट बाहेर येते. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांचे ३ फूट गेले, तरी वाढणाऱ्याला २ फूट मिळतात. हातावर तीन प्लेटा घेऊन तेवढ्यातून जाता येतं. तिथेच सहा फुटी टेबल ठेवलं की त्याला उरतो १ फूट. एका फुटातून फक्त मांजर जातं.

हॉल मीच निवडून दिला होता, तेही टेप घेऊन. जिचं लग्न होतं त्या मुलीला आणि तिच्या आईला तीन जागा दाखवल्या होत्या. दिसायला सगळ्यात देखणी होती ती काचेची, पण तिथे मी संध्याकाळी ५ वाजता जाऊन उभी राहिले होते. ज्या वेळी समारंभ असेल त्याच वेळी जागा बघायची, हा माझा एकच हट्ट. पश्चिमेचं ऊन आडवं आत आलं होतं. निम्मे पाहुणे हात कपाळाशी धरून बसले असते. दुसऱ्या जागेत टाळी वाजवली तर ती परत येऊन आम्हाला भेटून गेली. तिथे दीडशे माणसं एकदम बोलायला लागली की कुणालाच काही कळलं नसतं. हा तिसरा हॉल ६० बाय ४५ फुटांचा, खाली लाकडी जमीन, खिडक्यांना जाड पडदे, स्वयंपाकघराचं दार थेट हॉलमध्ये उघडणारं. मुलगी तेव्हा ‘जरा साधा आहे’ म्हणाली होती. साधाच होता. सजवता येतो तो साधा हॉल. मुळातच नटलेल्या हॉलशी आपण नुसती स्पर्धा करत बसतो.

पाहुणे १५८. आठ-आठच्या २० टेबलांवर १६० जागा, दोन टेबलांवर सातच. त्यातल्या एका टेबलावर व्हीलचेअरवाले काका होते. त्यांना खुर्ची लागत नाही, पण जागा दीडपट लागते.

हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून मी हिशेब मांडला. सहा फुटी टेबलावर १० जण बसतात. म्हणजे १६ टेबलं, चार-चारच्या चार रांगा, मध्यबिंदूंमध्ये ११ फूट अंतर. दोन्ही कडांच्या अर्ध्या-अर्ध्या टेबलांचे ६ आणि तीन अंतरांचे ३३, एकूण ३९ फूट. ४५ फुटांच्या बाजूला भिंतीशी तीन-तीन फूट राहतात, लांबीच्या बाजूला नवरा-नवरीसाठी आणि वाद्यांसाठी २१ फूट सुटतात. बसत होतं! पाच फुटी टेबलावर आठ जणांत प्रत्येकाला कडेची साडेतेवीस इंच जागा मिळते, सहा फुटीवर दहांत साडेबावीस. कोपराला एक इंच कमी. तो मी पाहुण्यांकडून उसना घेतला.

टेबलक्लॉथचं मात्र गणित बसेना. १२० इंची कापड पाच फुटी टेबलावर बरोबर जमिनीला टेकतं, कारण टेबलाची उंची ३० इंच. ७२ इंचांवर ते २४ इंचच खाली येतं. सगळीकडे टेबलाच्या पायांचा सहा इंच लोखंडी घोटा उघडा. सजावटीच्या मुलीने हे पाहिलं आणि ती माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागली की मी सांगून टाकलं, खुर्च्या आत सरकवा, बैठक १८ इंचांवर आहे, लोक बसले की काही दिसणार नाही. हे निम्मं खरं होतं. फोटोग्राफरला मी नंतर बाजूला घेऊन म्हटलं, रिकाम्या हॉलचे फोटो आज वरूनच काढ.

पण खरी अडचण लोखंड-लाकडाची नव्हतीच. वीसाची सोळा टेबलं करायची म्हणजे चार टेबलं मोडायची आणि त्यांवरची ३२ माणसं उरलेल्या सोळांवर दोन-दोन अशी वाटायची. आकड्यात हे इतकं सुबक बसत होतं की मला संशयच आला. कोण कुठे बसणार हे ठरवायला त्या घराने सहा आठवडे घेतले होते. मुलीचे आई-वडील वेगळे झालेले, वडील त्यांच्या दुसऱ्या पत्नीसह येणार होते. दोघांची टेबलं मी हॉलच्या दोन टोकांना ठेवली होती आणि मध्ये सगळी मोठ्याने हसणारी मंडळी पेरली होती. असं एक टेबल मी नेहमी हाताशी ठेवते, पडद्यासारखं.

मी मोडायला काढली ती १७ ते २० नंबरची टेबलं. प्रत्येक लग्नात अशी असतात : लांबचे नातेवाईक, एकटे आलेले, जुने शेजारी, कुणाच्याच गटात न बसणारे. उरलेली माणसं. त्यांना हलवलं तर तक्रार करायला कुणी येत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं.

तेवढ्यात मुलीची आई आली. तिने यायचं होतं दुपारी ३ वाजता, आली ११ लाच. आदल्या रात्री झोप लागली नव्हती म्हणे. मी सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही. ती दोन क्षण काही बोलली नाही. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

“ह्यांना कशाला हलवतेस?” सतरा नंबरवर बोट ठेवून ती म्हणाली.

“ताई, ते कुठेही बसतील. काही म्हणणार नाहीत.”

“म्हणणार नाहीत म्हणून? अगं, ह्यांना आधीच इथे कुणी ओळखीचं नाही. दोघा-दोघांना अनोळखी टेबलावर टाकलंस तर जेवतील आणि उठून जातील. कॉलेजवाल्यांचं टेबल मोड. त्यांना कोपऱ्यात बसव नाहीतर छतावर, पाच मिनिटांत एकमेकांना हाका मारतील.”

अकरा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. कॉलेजचं टेबल, जावयाच्या ऑफिसचं टेबल, आते-मामे भावंडांची दोन. ही चार आम्ही मोडली. प्रत्येक उरलेल्या टेबलावर एक बोलकी जोडी गेली. व्हीलचेअरच्या टेबलावर नऊ, आणखी एकावर नऊ, बाकी दहा. पाऊण तासात झालं.

फक्त नव्या मांडणीत तिचं टेबल आणि मुलीच्या वडिलांचं टेबल जवळ येत होतं. मध्ये एकच टेबल. मी कागद फिरवून पाहिला, उलटा धरून पाहिला.

“राहू दे,” ती म्हणाली. “फक्त आईंना माझ्याकडे बसव.”

मी यादीत शोधायला लागले. तिची आई हयात नव्हती, एवढं मला माहीत होतं.

“कोणाच्या आई?”

“ह्यांच्या.”

घटस्फोटाला बारा वर्षं झाली होती.

“त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही,” ती कागदाकडेच बघत म्हणाली. “तिकडे कुणाच्या लक्षात राहायचं नाही. मला डाव्या बाजूला बसून बोलायची सवय आहे.” मग तिने तिथूनच आजींना फोन लावला, ओरडून दोनदा सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं : “मग! तिकडे बसून काय भिंत बघू?”

आता दाराशी लावायचा फलक. छान छापून आणलेला, १५८ नावं, पुढे टेबल नंबर १ ते २०. तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. प्लेटांवर ठेवायच्या नावाच्या चिठ्ठ्या हाताने लिहिलेल्या होत्या, त्या आम्ही प्लेटांवर न ठेवता दाराशी एका टेबलावर नावांच्या अक्षरक्रमाने उभ्या केल्या, प्रत्येकीच्या मागे नवा नंबर. पाहुण्याने आपली चिठ्ठी उचलायची, टेबलावर जायचं, हवं तिथे बसायचं. खुर्ची ठरवून ठेवली ती फक्त चौघा-पाचांची, काकांची आणि आजींची धरून. चिठ्ठीच्या कोपऱ्यात रंगीत ठिपका आधीच होता, कोणी काय मागवलंय ते वाढणाऱ्याला कळावं म्हणून. तो ठिपका पाहुण्याबरोबर आपोआप फिरणार होता. ही हुशारी मी ठरवून केली नव्हती, पण वाढणाऱ्यांच्या कॅप्टनने कौतुक केलं तेव्हा मी काही बोलले नाही.

कॅप्टनचं वेगळंच दुखणं होतं. त्याची दहा मुलं, एकेकाकडे दोन टेबलं. आता सोळा. आठ जणांना दोन-दोन दिली, म्हणजे प्रत्येकी वीस माणसं, आणि दोघांना मोकळं ठेवलं. ते दोघे नसते तर रात्र पार पडली नसती.

मांडणी मला आवडते. दिवसातली ती एकच वेळ, जेव्हा कुणी बोलत नाही. आठांचं टेबल मुलांच्या हातात बसलेलं असतं : आधी घड्याळातल्या १२, ३, ६, ९ वर चार प्लेटा, मग मधल्या चार. दहांना हे चालत नाही. पहिली दोन टेबलं वाकडी मांडून झाल्यावर आमच्या लक्षात आलं की समोरासमोर दोन ठेवायच्या आणि प्रत्येक अर्ध्यात चार भरायच्या. प्लेट कडेपासून अंगठ्याच्या पहिल्या पेराएवढी आत. काटे डावीकडे, सुरी उजवीकडे, धार प्लेटकडे. चमचा सुरीच्या पलीकडे. पाण्याचा ग्लास सुरीच्या टोकावर. खुर्ची कापडाला नुसती शिवेल इतकी बाहेर, असं मी नेहमी सांगते. आज सांगितलं, आत ढकला.

फुलांच्या रचना २० आल्या होत्या, पाच फुटी टेबलाच्या बेताच्या, फूटभर उंचीच्या. समोरच्याचा चेहरा झाकू नये म्हणून मी त्या सव्वा फुटाच्या आत ठेवते, नाहीतर थेट दोन फुटांच्या वर नेते. सहा फुटी फळीच्या मध्यावर त्या वाटीत विसरलेल्या फुलासारख्या दिसायला लागल्या. जास्तीच्या चार रचना सोडवून त्यांची फुलं आम्ही बाकीच्यांच्या पायथ्याशी पसरली, भोवती मेणबत्त्यांची संख्या वाढवली. सजावटीची मुलगी तोवर माझ्याशी परत बोलायला लागली होती.

६ वाजता पाहुणे यायला लागले. दाराशी चिठ्ठ्यांच्या टेबलावर जरा गर्दी झाली, मग ओसरली. एका गृहस्थांना आपली चिठ्ठी सापडेना. ते आडनावाच्या अक्षरात शोधत होते. नवरी आली, हॉलभर नजर फिरवली आणि मला म्हणाली, “मस्त मोकळं वाटतंय!” मी मान डोलावली. तिला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

साडेसातला वाढायला सुरुवात झाली. मी कॅप्टनजवळ, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. वाटा पुरत होत्या. मोडलेल्या टेबलांची माणसं खरंच एकमेकांना हाका मारत होती, आणि सतरा नंबरवर, म्हणजे जुन्या सतरावर, एकटे आलेले दोघे जण कसल्यातरी गोष्टीवरून इतका वाद घालत होते की शेजारचा माणूस खुर्ची ओढून त्यांच्यात जाऊन बसला. एक गोष्ट मात्र फसली. सहा फुटी टेबलावर समोरच्याशी बोलता येत नाही, ओरडावं लागतं. सगळी टेबलं तीन-तीन, चार-चारच्या कोंडाळ्यांत फुटली होती. पाच फुटीवर आठांची एकच गोष्ट चालते. ते मला त्या दिवशी कुठूनही परत आणता येणार नव्हतं.

दुसरा पदार्थ वाढून झाला तेव्हा मुलीचे वडील उठले आणि आईंच्या टेबलाकडे निघाले. माझी पावलं आपसूक तिकडे वळली; कॅप्टनही सावध झाला. ते आजींच्या उजव्या बाजूला वाकले आणि काहीतरी म्हणाले. आजी समोरच बघत राहिल्या. ते परत म्हणाले. मुलीच्या आईने मान वर न करता हाताने खूण केली, इकडून. ते फिरून तिच्या खुर्चीमागे आले, एक हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवून आजींच्या डाव्या कानाशी वाकले.

“आई, सगळं बरं आहे ना?”

“बरं आहे,” आजी म्हणाल्या. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. “टेबलं तेवढी फार मोठी आणलीत रे. पलीकडचं एक अक्षर ऐकू येत नाही.”

मुलीची आई हसायला लागली आणि तिने नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी कॅप्टनला काहीतरी विचारायचं आहे असं दाखवून तिथून सटकले.