फाइल कोर्टातून निघाली, ती मधेच अडकली

आमची मुलगी जून २०२२ मध्ये घरी आली, आठ महिन्यांची असताना. त्याआधी साडेतीन वर्षं कारा, म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्रीय संस्था, तिच्या पोर्टलवर आमचा क्रमांक कितीवर आला ते बघण्यात गेली. होम स्टडी म्हणजे घरी येऊन होणारी चौकशी, उत्पन्नाचे दाखले, डॉक्टरांची सर्टिफिकेटं, हे सगळं होऊन जातं. रेफरल, म्हणजे एखाद्या बाळाची माहिती, आलं की ते बाळ राखून ठेवायला ४८ तास मिळतात. आम्ही पंधरा मिनिटांत होकार कळवला.

बाळ जिथे होतं त्या दत्तक संस्थेतल्या ताईंनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट नीट समजावली. जन्मदात्रीनं बालकल्याण समितीपुढे समर्पणपत्रावर सही केली, त्यानंतर तिला फेरविचाराला ६० दिवस होते. मन बदललं असतं तर ती बाळ परत नेऊ शकली असती. ती मुदत उलटल्यावरच समितीनं बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्याचं जाहीर केलं. "म्हणजे आता तिचा काही हक्क नाही ना?" मी विचारलं आणि विचारताना मलाच कसंसं झालं. ताई म्हणाल्या, "नाही. पण ते साठ दिवस तिचे होते. ते तिला मिळायलाच हवेत." तोवर मला या मुदतीचा राग यायचा, बाळं उगाच अडकून पडतात असं वाटायचं. त्या दिवसानंतर कधी आला नाही.

संस्थेनं कोर्टात अर्ज केला. तारीख लागायची होती, तोच १ सप्टेंबरपासून बाल न्याय कायद्यातली २०२१ ची दुरुस्ती लागू झाली. दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देणार. नव्या अर्जांचं ठीक, पण कोर्टात पडून असलेल्या फायलीही तिकडेच पाठवायच्या, असं ठरलं. कोर्टात विचारलं तर म्हणत, कलेक्टर ऑफिसला जा. तिथे म्हणत, फाइल आलेली नाही.

जन्मदात्रीचा हक्क संपलेला, आमचा सुरू झालेला नाही. मग मधल्या काळात ही पोर कायद्यानं कुणाची? एका रात्री तिला ताप चढला. दवाखान्याच्या फॉर्मवर मी 'आई' लिहिलं, तर जन्मदाखला मागितला. तो आमच्या नावाचा नव्हताच. संस्थेचं पत्र दाखवून काम झालं, पण फॉर्म भरताना माझा हात थरथरत होता.

आदेश कुणीही द्यावा, मला त्याचं वावडं नाही. आदेश देण्याची दोन महिन्यांची मुदत जुन्या कायद्यातही होती, ती फारशी पाळली जात नव्हती, हेही खरं. पण बाळ घरी आलेलं असताना चालू प्रकरण उचलून दुसरीकडे टाकणं चूक होतं. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्रलंबित प्रकरणं कोर्टांनीच ऐकावीत असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा आमची गाडी पुढे सरकली.

मार्चमध्ये आदेश झाला, मग आमच्या नावांचा जन्मदाखला. बाळ मुक्त झाल्याच्या समितीच्या प्रमाणपत्राची प्रत मी दाखल्याच्या मागेच लावून ठेवली आहे. मुलगी विचारेल तेव्हा दोन्ही कागद एकत्रच दाखवणार आहे, आणि साठ दिवसांचंही सांगणार आहे.