स्मेदिकचे देसी पब

लंडनचे पब बघून आलेल्यांनी इंग्रजी पबबद्दल फार बोलू नये, असं माझं आता मत झालंय. तिथे पर्यटकांचीच एवढी रांग असते की धंदा बसलाय हे कळणार कसं? ते कळायला बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, ब्लॅक कंट्रीत जावं. हा कोळशाच्या खाणींचा आणि फाउंड्र्यांचा मुलुख.

बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनहून लोकल पकडून मी ब्लॅक कंट्रीतल्या स्मेदिक गावच्या रोल्फ स्ट्रीट स्टेशनवर उतरले. चालता चालता मेलेला पब ओळखायची सवय लागते. कोपऱ्यावरची भक्कम विटांची इमारत, पाटी टांगायचा लोखंडी दांडा जागेवर, पाटी मात्र गायब. (पबबाहेर पाटी हवीच, हा दुसऱ्या रिचर्ड राजाचा 1393 चा हुकूम.) 2000 साली ब्रिटनमध्ये 60 हजारांवर पब होते, आता 45 हजारांच्या आसपास उरलेत.

लोक खापर फोडतात ते 2007 च्या धूम्रपानबंदीवर आणि सुपरमार्केटमधल्या स्वस्त बिअरवर. मला 1989 चा सरकारी आदेश जास्त रंजक वाटला. तेव्हा हजारो पब मोठ्या बिअर कंपन्यांच्या मालकीचे होते. ती पकड सैल करायला सरकारनं 2000 हून जास्त पब असलेल्या कंपन्यांवर बंधनं घातली. कंपन्यांनी पब विकले आणि ते घेतले बिअर न बनवणाऱ्या, जागेच्या धंद्यातल्या नव्या कंपन्यांनी. पब चालवणारा आगीतून फुफाट्यात! भाडं द्यायचंच, वर बिअरही बहुधा मालकाकडूनच, त्याच्या दरानं घ्यायची. आणि पबपेक्षा फ्लॅट बांधण्यात पैसा जास्त, हे मालकाला कोणी सांगावं लागत नाही.

स्मेदिकचा घाव त्याआधीचा. भट्टीसमोर घाम गाळून आलेले कामगार इथे माइल्ड नावाची गडद, सौम्य बिअर पाइंटवर पाइंट रिचवायचे. कारखाने बंद पडत गेले, तशी गिऱ्हाइकंही गेली.

त्या फाउंड्र्यांत पंजाबी कामगारही राबत होते. पण 1960 च्या सुमारास संध्याकाळी पबमध्ये गेलं की गोऱ्यांच्या शेजारी बसायची सोय नाही. कुठे फक्त साध्या बारमध्ये प्रवेश, गाद्यांच्या खुर्च्यांची खोली बंद. कुठे दारातूनच परत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल यांनी याला नामी उपाय शोधला. विद्यापीठातले गोरे विद्यार्थी आधी आत पाठवायचे, त्यांना बिअर मिळाली की मागून भारतीय माणसांनी जायचं. नकार मिळाला की पुरावा तयार! मग परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत. 12 फेब्रुवारी 1965 ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स इथे आले, मार्शल स्ट्रीटवरून फिरले आणि ब्लू गेट्स या पबमध्येही गेले. तिथेही हीच अडवणूक. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. त्याच वर्षाअखेर ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला आणि पबमधली ही बंदी बेकायदा ठरली.

मार्शल स्ट्रीटवर निळी स्मृतिपाटी आहे. बाकी ती साधी वस्तीची गल्ली. फोटो काढताना उगाच अवघडल्यासारखं होतं.

पुढे ओस पडत चाललेले इथले बरेच पब पंजाबी लोकांनीच चालवायला घेतले. त्यांना इथे देसी पब म्हणतात. मी जेवले जवळच्याच वेस्ट ब्रॉमिच गावच्या रेड लायन या देसी पबमध्ये. रंगीत काचांची खिडकी, पडद्यावर फुटबॉल, आणि किचनमधून तंदूरचा वास. शेजारच्या टेबलावरचे सरदारजी आजोबा पंजाबीत बोलत होते आणि गोऱ्या मित्राकडे वळले की थेट ब्लॅक कंट्रीच्या हेलात. दोन्हींतलं मला सारखंच कमी कळलं.

मिक्स्ड ग्रिल चरचरत्या तव्यावर येतं: कांद्याच्या ढिगावर चिकन टिक्का, शीक कबाब, चॉप. चव झणझणीत म्हणावी अशी, आपल्या कोल्हापूरकरांनीही नाक मुरडू नये. इंग्रजी पबमधल्या उकडलेल्या मटारांनंतर तर डोळ्यांत पाणीच आलं, थोडं मिरचीचंही.

जाणार असाल तर वेस्ट ब्रॉमिच अल्बियन या इथल्या फुटबॉल क्लबची घरच्या मैदानावर मॅच नाही असा दिवस बघा, नाहीतर उभ्यानं खावं लागेल. वेटरची वाट बघत बसू नका. काउंटरवर जाऊन मागवायचं ही पबची जुनी रीत देसी पबातही बहुतेक ठिकाणी चालते. आणि दोघांत एकच ग्रिल सांगा.