डोंगरवाटेवरच्या मॅरेथॉनची तयारी

डांबरी रस्त्यावर ४२.१९५ किलोमीटर धावण्याचा सराव असला, तरी डोंगरात तोच वेग धरण्याचा हट्ट उपयोगाचा नसतो; म्हणून म्हैसमाळच्या चढावर मी घड्याळाऐवजी श्वासाकडे लक्ष देतो आणि चढ फारच उभा झाला की सरळ चालू लागतो. चालण्यात कमीपणा कसला?

खरी परीक्षा उताराची असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे त्यांना सूक्ष्म इजा होऊन पुढचे एक-दोन दिवस ठणका लागतो. मात्र उताराचा सराव थोडाथोडा वाढवला, तर तेच स्नायू पुढच्या खेपेस कमी दुखतात. आपल्याकडील वाटांवर सुटा मुरूम असतो, तिथे लांब टांगा टाकल्यास टाच घसरते, म्हणून गुडघे किंचित वाकवून पावले आखूड आणि भरभर टाकावीत. बुटाच्या तळाला खोल खाचा हव्यातच.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे लांब पल्ल्याचा सराव मी उजाडण्यापूर्वीच सुरू करतो. पाठीवरच्या पिशवीत मीठ-साखरेचे पाणी आणि शेंगदाण्याचे लाडू असतात. धावताना खायच्या महागड्या एनर्जी जेलपेक्षा मला तेच मानवतात. अर्थात शर्यतीत जे खायचे ते आधी सरावात खाऊन पाहावे, कारण धावताना पोटाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि अनोळखी अन्न बाधू शकते.